कौन्सिलच्या यादीत नाव वेगळं, पदवी गायब: डॉक्टर रुजू करून घेण्याआधी काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावी ट्रस्टचं तीस खाटांचं रुग्णालय आहे आणि तुम्ही तिथले व्यवस्थापक. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून एक मॅडम यायला तयार आहेत. लेटरहेडवर एमबीबीएस, डीजीओ (स्त्रीरोग-प्रसूतीची पदविका), डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी) असं छापलंय. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्यांचा नोंदणी क्रमांक टाकला, तर आडनाव वेगळं निघालं आणि शिक्षणाच्या रकान्यात नुसतं एमबीबीएस. त्यात मॅडम एका विश्वस्तांच्या ओळखीच्या. ‘कागद मागून त्यांचा अपमान करू नका,’ असं त्यांनी तुम्हाला बजावलंय. त्या बोगस तर नाहीत ना, रुजू करून घ्यावं का आणि विचारायचं तर कसं, हे तुम्हाला हवंय.

तुम्ही जेवढं सांगितलंय त्यावरून त्यांना बोगस म्हणता येत नाही. पण कागद जुळेपर्यंत तज्ज्ञ म्हणून रुजूही करून घेता येत नाही. मी पुण्यात रुग्णालयांसाठी डॉक्टरांच्या कागदपत्रांची पडताळणी करते आणि अशा फाइली माझ्या टेबलावर नेहमी येतात. त्यातल्या बहुतेक शेवटी स्वच्छ निघतात. ज्या निघत नाहीत, त्या मात्र वरवर पाहता तुमच्या फाइलपेक्षा चांगल्या दिसत असतात. तिथे नाव जुळतं, पदवी जुळते, क्रमांकही जुळतो.

असं होतं, कारण तुम्ही संकेतस्थळावर जो शोध घेतलात तो एका क्रमांकाचा होता. त्या क्रमांकावर एक डॉक्टर नोंदलेले आहेत, एवढंच त्यातून कळलं. तुमच्यासमोर बसलेली व्यक्ती तीच आहे का, हे कळलं नाही. बोगस डॉक्टर सहसा स्वतःच्या मनाने क्रमांक बनवत नाही, कारण तो दोन मिनिटांत पकडला जातो. तो खऱ्या डॉक्टरचा क्रमांक उचलतो. एका लहान रुग्णालयाची अशी फाइल माझ्याकडे आली होती. अर्जदाराचं नाव, क्रमांक, एमबीबीएस सगळं नोंदवहीशी जुळत होतं. पण नोंदीत पदवीचं वर्ष १९८३ होतं आणि अर्जावरच्या फोटोतला माणूस चाळिशीच्याही अलीकडचा दिसत होता. पदवीच्या मूळ प्रमाणपत्राऐवजी त्यानं नोटरी केलेली झेरॉक्स जोडली होती. मूळ प्रमाणपत्र घेऊन या, म्हणून निरोप गेला आणि तो पुन्हा आला नाही. वर्ष आणि चेहरा शेजारी ठेवून बघायला तिथे कुणाला सुचलं नसतं, तर तो रात्रपाळीला लागला असता.

आता तुमच्या मॅडमकडे येऊ. आडनावाचं कोडं महाराष्ट्रात तरी सहसा सोपं असतं. मुली एमबीबीएस होऊन इंटर्नशिप संपली की माहेरच्या नावाने नोंदणी करतात. पुढे लग्न होतं, लेटरहेडवर सासरचं आडनाव येतं आणि कौन्सिलकडे नाव बदलून घ्यायचं राहून जातं. त्यात वावगं काही नाही, फक्त दुवा दाखवणारा कागद हवा: विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रात छापलेला नावबदल. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर मी थांबत नाही, कारण ते त्या व्यक्तीचंच स्वतःबद्दलचं म्हणणं असतं. जन्मतारीख आणि वडिलांचं नाव आधी नि नंतरच्या कागदांवर एकच आहे ना, तेही बघा. आडनाव बदलतं, जन्मतारीख बदलत नाही. पुढच्या वेळी नावानं शोधायची वेळ आली, तर स्पेलिंगचा घोळ लक्षात ठेवा. क्षीरसागर किंवा चौधरी ही आडनावं इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात! जुन्या नोंदी हाताने लिहिलेल्या नोंदवह्यांवरून संगणकात चढल्यात, त्यामुळे एखादं अक्षर चुकलेलंही असतं. नाव सापडलं नाही म्हणजे डॉक्टर नाही असं समजू नका. क्रमांकावरूनच शोधा.

क्रमांकाच्या नुसत्या ठेवणीवरूनही थोडं कळतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे अलीकडचे क्रमांक वर्ष, महिना आणि मग अनुक्रमांक अशा तीन तुकड्यांचे असतात. जुन्या डॉक्टरांचा क्रमांक नुसता आकडा असतो. ‘आय’ या इंग्रजी अक्षरापासून सुरू होणारा क्रमांक दिसला, तर तो बहुधा महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा, म्हणजे आयुर्वेद किंवा युनानीचा. होमिओपॅथीची परिषद वेगळी, दंतवैद्यांचीही वेगळी. हे विचारात घ्यावं लागतं, कारण बीएएमएस डॉक्टर मेडिकल कौन्सिलच्या यादीत सापडले नाहीत म्हणून त्यांना बोगस ठरवण्याचे प्रकार मी पाहिलेत. ते त्यांच्या परिषदेच्या यादीत रीतसर असतात. त्यांना तुमच्याकडे कोणतं काम देता येईल, हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे. मुंबईतल्या एका प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरनं ॲलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचं शिक्षण नाही त्या पद्धतीनं उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये त्या खटल्यात म्हटलं. ॲलोपॅथीच्या औषधांचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये महाराष्ट्रात मोठा वाद झाला, संप झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. असा अर्ज तुमच्याकडे आला, तर त्या दिवशीची कायदेशीर स्थिती वकिलाकडून लेखी घ्या. ऐकीव माहितीवर निर्णय घेऊ नका.

कधी कधी डॉक्टर खरे असतात आणि तरीही राज्याच्या यादीत नसतात. सिंधुदुर्गात येणारे काही जण गोवा मेडिकल काउन्सिलचे असतात. निवृत्त लष्करी डॉक्टरांची पहिली नोंदणी भलत्याच राज्यात असते. काहींची नोंदणी पूर्वीच्या भारतीय वैद्यक परिषदेकडे थेट झालेली असते. अशांना पहिल्या परिषदेचं ना-हरकत प्रमाणपत्र आणून इथे नोंदणी करायला सांगा आणि ती झाल्याचा कागद हातात आल्यावरच पुढे जा.

पदवी न दिसण्याचं कारण जरा जास्त बारकाईनं बघायला हवं. पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झाली की ती पदवी कौन्सिलच्या नोंदीत आपोआप चढत नाही. डॉक्टरनं स्वतः अर्ज करून, शुल्क भरून ‘अतिरिक्त अर्हता’ म्हणून ती नोंदवून घ्यायची असते. नोकरीत असलेले पुष्कळ डॉक्टर हे वर्षानुवर्षं करत नाहीत, कारण कुणी विचारतच नाही. तेव्हा एक शक्यता अशी, की मॅडमची पदवी खरी आहे आणि नोंद राहिली आहे. दुसरी शक्यता अशी, की ती पदवी पूर्णच झालेली नाही. डीएनबीच्या बाबतीत हे फार होतं. तीन वर्षांचं (पदविकेनंतर दोन वर्षांचं) प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला वेगळा आणि अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र वेगळं. लेखी परीक्षा पास, प्रात्यक्षिक राहिलेलं, असे लोक लेटरहेडवर डीएनबी छापून मोकळे होतात. डीएनबी देणारी संस्था एकच, दिल्लीचं राष्ट्रीय परीक्षा मंडळ. उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र तिचंच हवं. ज्या रुग्णालयात प्रशिक्षण घेतलं त्याचं पत्र इथे चालत नाही.

डीजीओबद्दल पहिला प्रश्न हा विचारा: विद्यापीठाची की सीपीएसची? सीपीएस म्हणजे मुंबईचं कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स, १९१२ सालची संस्था. महाराष्ट्रातल्या छोट्या गावांत प्रसूतीची सेवा ज्यांच्यामुळे उभी आहे त्यात सीपीएसच्या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे आणि त्यांना कमी लेखण्याचं कारण नाही. पण या पदविकांची मान्यता राज्यात आणि केंद्रात कायम एकसारखी राहिलेली नाही. २०१७ मध्ये केंद्रानं सीपीएसच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना मान्यता दिली आणि काही महिन्यांतच त्यातल्या बहुतेकांची काढून घेतली. म्हणून ‘सीपीएस चालतं का’ या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर नसतं. कोणता अभ्यासक्रम, कोणत्या वर्षी उत्तीर्ण, आणि राज्य कौन्सिलनं तो या व्यक्तीच्या नावावर नोंदवलाय का, हे तिन्ही बघूनच उत्तर मिळतं.

यानंतर कागदांवरची वर्षं. मला या कामात सगळ्यात जास्त उपयोग याच तपासणीचा होतो आणि त्यासाठी कुणाला फोनही करावा लागत नाही. एक कोरा कागद घ्या, त्यावर वर्षं एकाखाली एक मांडा. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. इंटर्नशिपच्या काळात तात्पुरती नोंदणी, ती संपल्यावर कायमची. समजा इंटर्नशिप २००७ मध्ये संपली. पदविका दोन वर्षांची, म्हणजे फार लवकर झाली तरी २००९. पदविकेनंतरचं डीएनबी आणखी दोन वर्षांचं, म्हणजे २०११ च्या आधी नाही. आता प्रमाणपत्रांवरच्या तारखा याच्या शेजारी लिहा. मध्ये दोन-चार वर्षं रिकामी असतील तर बिघडत नाही. बाळंतपण असतं, प्रवेशपरीक्षेची तयारी असते, ग्रामीण सेवेचा बाँड असतो. पण वर्षं कमी पडत असतील, किंवा कायमच्या नोंदणीची तारीख इंटर्नशिप संपण्याच्या आधीची असेल, तर त्याचा खुलासा लेखी मागा.

प्रमाणपत्राच्या माथ्यावरचं विद्यापीठाचं नावही वर्षाशी ताडून बघा. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं. १९९४ ची एमबीबीएस त्या विद्यापीठाची असूच शकत नाही. ती मुंबई, पुणे, नागपूर, शिवाजी, मराठवाडा यांसारख्या तेव्हाच्या एखाद्या विद्यापीठाची असणार. पुणे विद्यापीठाच्या नावाआधी सावित्रीबाई फुले यांचं नाव २०१४ मध्ये लागलं. नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव २००५ मध्ये मिळालं. १९९० च्या मूळ पदवीवर ही नवी नावं दिसली तर थांबा. मात्र लगेच आरोप करू नका, कारण हरवलेल्या पदवीची दुय्यम प्रत नंतर काढली असेल, तर तिच्यावर नवं नाव येऊ शकतं. तसं असेल तर ‘दुय्यम प्रत’ असा उल्लेख आणि ती दिल्याची तारीख शोधा. कराड, लोणी, सावंगी इथल्या अभिमत विद्यापीठांच्या पदव्या त्यांच्या स्वतःच्या नावाच्या असतात, त्यामुळे तिथल्या पदवीवर नाशिकचं नाव नाही म्हणूनही दचकू नका.

परदेशात एमबीबीएस केलेल्यांचा मामला थोडा वेगळा. २००२ पासून त्यांना भारतात नोंदणीसाठी चाळणी परीक्षा द्यावी लागते. तीही राष्ट्रीय परीक्षा मंडळच घेतं. ही परीक्षा उत्तीर्ण न होताच नोंदणी मिळवल्याच्या आरोपावरून सीबीआयनं डिसेंबर २०२२ मध्ये ७३ जणांवर गुन्हा दाखल केला आणि त्यात चौदा राज्य परिषदांचीही नावं होती. म्हणजे नोंदवहीत नाव असणं हाही अखेरचा पुरावा नव्हे. अशा अर्जात उत्तीर्ण झाल्याचा निकाल मंडळाकडून थेट पडताळून घ्या.

‘थेट’ म्हणजे काय ते सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेक लहान रुग्णालयं पडताळणी अर्धी सोडतात. डॉक्टरनं आणलेला कागद बघणं ही छाननी झाली. तो कागद ज्यानं दिला त्याच्याकडून ‘हो, हा आमचाच’ असं लेखी घेणं ही पडताळणी. पदवीची प्रत आणि डॉक्टरचं संमतीपत्र जोडून विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला पत्र पाठवा. पत्ता आणि ईमेल विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून स्वतः काढा, प्रमाणपत्रावर किंवा अर्जावर लिहिलेला वापरू नका. बहुतेक ठिकाणी शुल्क असतं. उत्तर कधी आठवड्यात येतं, कधी दोन-दोन महिने लागतात. ते विद्यापीठावर आणि पदवी किती जुनी आहे यावर अवलंबून आहे. पाठपुरावा करावाच लागतो. उत्तर आलं की ईमेल कुठल्या पत्त्यावरून आलंय ते बघून त्याची प्रत फाइलला लावा.

नोंदणी जिवंत आहे का, हे वेगळं तपासा. महाराष्ट्रात नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी वैद्यकीय परिषदा-कार्यशाळांना हजर राहून पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. मुदत उलटलेली असली म्हणून डॉक्टर बोगस ठरत नाहीत, पण नूतनीकरणाची पावती नव्हे तर प्रमाणपत्र येईपर्यंत मी त्यांचं नाव ड्युटीच्या तक्त्यात घालू देत नाही. शिस्तभंगाच्या कारवाईत नोंदणी काही काळ निलंबित होऊ शकते. म्हणून अशी कारवाई नसल्याचं, कौन्सिलकडून मिळणारं ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र मागणं चांगलं. ते फार जुनं असू नये.

२०२५ पासून कौन्सिलनं ‘नो युवर डॉक्टर’ ही क्यूआर कोडची सोय आणली आहे. ती जरूर वापरा, पण कोड स्वतःच्या फोनवर स्कॅन करा आणि उघडलेलं पान कौन्सिलच्याच पत्त्यावरचं आहे ना ते वरच्या पट्टीत वाचा. कोड कुणीही छापू शकतं आणि कुठल्याही पानाला जोडू शकतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची आधारशी जोडलेली राष्ट्रीय नोंदवही ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. तिथे डॉक्टरांनी स्वतः अर्ज करायचा असतो, त्यामुळे तिथे नाव नसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आयोगाच्या संकेतस्थळावरची जुनी भारतीय नोंदवही राज्यांनी कळवलेल्या माहितीवर बनलेली आहे आणि ती राज्याच्या मागे असते. दोन्हींत फरक दिसला तर राज्य कौन्सिलला लेखी विचारा.

इथवरचं तुमच्या मॅडमच्या बाबतीत मांडायचं तर, आधी त्या आणि नोंदीतली व्यक्ती एकच आहेत का हे ठरवा, मग एमबीबीएसची नोंदणी चालू आहे का ते बघा, आणि मग डीजीओ नि डीएनबी देणाऱ्यांकडून पुष्टी घ्या. पहिल्या दोन गोष्टी मॅडमनी मूळ कागद आणले तर एका दिवसात होतात. तिसरीला वेळ लागतो, आणि तुमची अडचण नेमकी त्या मधल्या काळाची आहे.

त्या काळात त्यांना काम द्यायचं का, हे तुमच्याकडे दुसरं कोण आहे त्यावर ठरेल. दुसरे नोंदणीकृत स्त्रीरोगतज्ज्ञ असतील, तर मॅडमना त्यांच्या हाताखाली वैद्यकीय अधिकारी म्हणून बाह्यरुग्ण विभागात बसवता येईल. पाटीवर आणि केसपेपरवर तेव्हा एमबीबीएस एवढंच लिहायचं. दुसरं कुणी नसेल, तर प्रसूतिगृहाची आणि सिझेरियनची जबाबदारी पुष्टी येण्याआधी त्यांच्यावर टाकू नका, विश्वस्तांनी कितीही घाई केली तरी. गावाला डॉक्टरची गरज आहे हे मला पुरेपूर कळतं. तुमच्याकडून रात्री रुग्ण पुढे पाठवायचा म्हणजे काय होतं, तेही कळतं. पण रात्री दोन वाजता रक्तस्राव थांबत नसताना त्या बाईचं आणि तिच्या बाळाचं सगळं त्या एका माणसाच्या शिक्षणावर अवलंबून असतं. तिच्या घरच्यांनी तुमच्या पाटीवर विश्वास ठेवलेला असतो. त्यांच्याकडे पडताळायची सोय नसते, ती तुमच्याकडे असते. शिवाय सोनोग्राफी आणि गर्भपात यांचे कायदे वेगळे आहेत, १९९४ आणि १९७१ चे, आणि त्या केंद्रांच्या मान्यतेसाठी डॉक्टरांची अर्हता कागदावर दाखवावी लागते. शासकीय आरोग्य योजनेतही तज्ज्ञाच्या नोंदणीचे कागद मागतात. नोंद नसलेली पदवी तुम्हाला कुठे ना कुठे अडवणारच.

राहिला अपमानाचा प्रश्न. एकट्या मॅडमना विचारलंत तर तो अपमानच वाटेल, आणि त्यांचं चुकणारही नाही. म्हणून आधी ट्रस्टच्या बैठकीत ठराव करून घ्या, की रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरची फाइल पूर्ण असेल. त्यात तुमचे सगळ्यात ज्येष्ठ डॉक्टरही आले आणि व्हिजिटला येणारे भूलतज्ज्ञही. त्यांचे कागद आधी गोळा करा. मग मॅडमना फोन करा आणि सरळ सांगा: ‘मॅडम, आपल्याकडे सगळ्या डॉक्टरांची फाइल नव्यानं करतोय. कौन्सिलच्या यादीत तुमचं माहेरचं नाव आहे आणि डीजीओ, डीएनबीची नोंद दिसत नाही. मूळ प्रमाणपत्रं, विवाह नोंदणीचा दाखला आणि विद्यापीठाला विचारण्यासाठी तुमची सही लागेल. कौन्सिलकडे नावबदलाचा आणि अतिरिक्त अर्हतेचा अर्ज भरायचा असेल, तर त्याची धावपळ आमचं ऑफिस करेल.’ हे शेवटचं वाक्य नुसतं म्हणण्यापुरतं नको, खरंच करा. ज्यांची पदवी खरी असते आणि वेळ नसल्यामुळे नोंद राहिलेली असते, त्यांना ही मदत मनापासून हवी असते. माझ्याकडच्या कितीतरी डॉक्टरांनी पिशवीभर कागद दुसऱ्याच दिवशी आणून दिलेत.